मंगोलियाच्या निवडणुका : दर वेळी नवा नियम

गवताळवाट (धागाकर्ता)

जून २०२५ मध्ये मंगोलियाचे पंतप्रधान ओयुन-एर्देने यांना पद सोडावे लागले. त्यासंबंधी मी वाचलेल्या दोन-तीन बातम्या पंतप्रधानांच्या होणाऱ्या सुनेच्या महागड्या हँडबॅगेपाशी सुरू होऊन तिथेच संपत होत्या. २०१९ च्या अखेरीपासून दोन वर्षे मी कामानिमित्त राजधानी उलानबातरला राहिलो आहे, तिथली एक संसदीय आणि एक अध्यक्षीय निवडणूक जवळून पाहिली आहे, आणि तिथल्या माणसांविषयी मला मनापासून आस्था आहे. म्हणून हा धागा काढतो आहे. माझे म्हणणे असे की, मंगोल माणसे वारंवार चौकात का उतरतात हे समजून घ्यायचे असेल, तर मतांच्या जागा कशा होतात आणि तो नियम कोण, केव्हा बदलतो, हे आधी पाहावे लागते.

मंगोलियाचा विस्तार भारताच्या जवळजवळ निम्मा आहे आणि लोकसंख्या सुमारे ३५ लाख. त्यांतले जवळपास अर्धे लोक एकट्या उलानबातरमध्ये राहतात. उरलेला देश २१ ऐमगांत, म्हणजे प्रांतांत, आणि त्यांच्याखालच्या सुमांत, म्हणजे आपल्या तालुक्यासारख्या घटकांत विखुरलेला आहे. संसदेला ‘इख खुराल’ म्हणतात आणि ते एकच सभागृह आहे. नावांविषयी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. मंगोल माणूस व्यवहारात आडनाव वापरत नाही. वडिलांचे नाव आधी लागते आणि ओळख स्वतःच्या नावानेच होते. त्यामुळे पुढे येणारी खुरेलसुख, बात्तुल्गा, झंदनशातर ही सगळी त्या त्या व्यक्तींची स्वतःची नावे आहेत.

जवळपास सत्तर वर्षे एकाच पक्षाची राजवट असलेल्या या देशात मार्च १९९० मध्ये लोकशाहीवादी तरुणांनी उलानबातरच्या सुखबातर चौकात उपोषण आरंभले आणि काही दिवसांतच सत्ताधारी पक्षाच्या पॉलिट ब्युरोने राजीनामा दिला. गोळी चालली नाही. त्याच वर्षी जुलैत पहिली बहुपक्षीय निवडणूक झाली, १९९२ मध्ये नवी राज्यघटना आली आणि तिने ७६ सदस्यांचे इख खुराल व थेट लोकांनी निवडायचा राष्ट्राध्यक्ष अशी रचना घालून दिली. पूर्व युरोपात त्या काळी जुने सत्ताधारी पक्ष कोसळले किंवा ओळखू येणार नाहीत इतके बदलले; मंगोलियातला जन-क्रांतिकारी पक्ष मात्र आपले संघटन टिकवून राहिला. २०१० मध्ये ‘क्रांतिकारी’ हा शब्द गाळून त्याने ‘मंगोल जनता पक्ष’ हे आपले मूळ नाव पुन्हा घेतले. माजी राष्ट्राध्यक्ष एन्खबायर यांना ते रुचले नाही, म्हणून त्यांनी बाहेर पडून जुन्या नावाचा वेगळा पक्ष काढला. जनता पक्षाचा माणूस अगदी आडबाजूच्या सुमातही भेटतो. त्याच्यासमोर उभा असलेला लोकशाही पक्ष १९९० च्या चळवळीतून निघालेल्या गटांनी एकत्र येऊन २००० मध्ये स्थापन केला, आणि त्या गटांतली ओढाताण पक्षाच्या पोटात अजून शिल्लक आहे.

आता नियमांकडे येतो. १९९२ मध्ये २६ बहुसदस्य मतदारसंघ होते; जन-क्रांतिकारी पक्षाला सुमारे ५७ टक्के मते मिळाली आणि ७६ पैकी ७० जागा. १९९६ मध्ये ७६ एकसदस्य मतदारसंघ केले गेले, विरोधकांनी एकजूट केली आणि लोकशाही आघाडीने ५० जागा जिंकून पहिले सत्तांतर घडवले. पुढच्या चार वर्षांत चार पंतप्रधान झाले. २००० मध्ये विरोधक फुटलेले होते, त्यामुळे तोच एकसदस्य नियम जुन्या पक्षाला ७२ जागा देऊन गेला. २००८ मध्ये पुन्हा बहुसदस्य मतदारसंघ आले. निकालावरून १ जुलैला दंगल उसळली, सत्ताधारी पक्षाच्या मुख्यालयाला आग लागली आणि ५ जण प्राणास मुकले. कदाचित त्या धक्क्यामुळेच २०१२ साठी ४८ जागा मतदारसंघांतून आणि २८ जागा पक्षांच्या यादीतून भरण्याची मिश्र पद्धत आली आणि तिने तुलनेने समतोल संसद दिली. ती एकच निवडणूक टिकली. २०१६ मध्ये घटना न्यायालयाने यादीची पद्धत घटनाबाह्य ठरवली, मतदान जेमतेम दोन महिन्यांवर आले असताना ७६ एकसदस्य मतदारसंघ पुन्हा आखले गेले, आणि जनता पक्षाला ४५ टक्के मतांवर ६५ जागा मिळाल्या. ज्या लोकशाही पक्षाच्या राजवटीत हा बदल झाला त्याला ३३ टक्के मते मिळूनही ९ जागांवर थांबावे लागले. २०२० मध्ये २९ बहुसदस्य मतदारसंघ झाले. पुन्हा सुमारे ४५ टक्के मते आणि या खेपेस ६२ जागा.

ती २०२० ची निवडणूक मी पाहिली. मी ज्यांच्या घरात भाड्याने राहत होतो त्या सत्तरीच्या बाई होत्या. मी त्यांना सगळ्यांसारखेच ‘एमे’, म्हणजे आजी, म्हणत असे. मतदानाच्या दिवशी त्यांनी निळ्या रेशमाचा देल, म्हणजे सणासुदीचा पायघोळ अंगरखा घातला, नोकरीत मिळालेले पदक छातीवर लावले आणि मला सोबत घेऊन शाळेपर्यंत गेल्या. परत आल्यावर खारट दुधाचा चहा ओतताना त्यांनी सांगितले की, बोटाचा ठसा जुळला, मतपत्रिकेवर तीन नावांपुढे खुणा केल्या आणि मोजणीच्या यंत्राने ती पत्रिका आत ओढून घेतली. तीन नावे का निवडली, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, “एकाला मी ओळखते, त्याची आई माझ्याबरोबर गिरणीत होती. उरलेले दोघे त्याच्या पक्षाचे आहेत, म्हणून त्यांनाही दिले.” बहुसदस्य मतदारसंघांत ४५ टक्क्यांच्या ६२ जागा कशा होतात, ते मला त्या एका वाक्यात कळले.

यातूनच लोकांच्या तोंडी असलेला एक शब्द आला आहे. जनता पक्षाच्या मंगोल नावाची आद्याक्षरे ‘मान’ अशी होतात आणि लोकशाही पक्षाच्या नावाची ‘आन’. दोन्ही जोडली की ‘मनान’ तयार होते, आणि मंगोल भाषेत मनान म्हणजे धुके. दोन पक्षांचे धनाढ्य पुढारी आतून एकमेकांना सांभाळून घेतात आणि आपल्याला त्या धुक्यातले काहीच दिसत नाही, ही भावना दुकानदारापासून विद्यार्थ्यापर्यंत प्रत्येकाकडून मी ऐकली आहे.

जानेवारी २०२१ मधली घटना सांगून थांबतो. नुकत्याच बाळंत झालेल्या एका करोनाबाधित स्त्रीला रुग्णालयाच्या कपड्यांत, पायांत सपाता, अशा अवस्थेत तान्ह्या बाळासह कडाक्याच्या थंडीतून दुसरीकडे हलवले जात असल्याचे चित्रण सर्वांच्या फोनवर आले. आपल्याकडे बाळंतिणीला वाऱ्यापासून जपतात, शेक देतात. मंगोल घरांत हे जपणे त्याहूनही कसोशीचे असते, कारण तिथला वारा जीव घेऊ शकतो. एमे ते चित्रण पाहून कितीतरी वेळ बोलल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी चौकात तरुणांची गर्दी झाली, आणि ७६ पैकी ६२ सदस्य पाठीशी असलेल्या पंतप्रधान खुरेलसुख यांनी लगोलग राजीनामा दिला. त्यांच्या जागी ओयुन-एर्देने आले. पुढे जूनमध्ये तेच खुरेलसुख ६८ टक्के मतांनी राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. सभागृहात ज्यांना कोणी जाब विचारू शकत नव्हते त्यांना चौकाने घरी पाठवले आणि मतपेटीने त्याहून मोठ्या पदावर बसवले. या तिन्ही गोष्टी पाच महिन्यांत कशा घडू शकतात, यावर जाणकारांनी लिहावे अशी विनंती आहे.

अनुस्वार

लेख आवडला. १९९२ पासूनचे नियम एका ठिकाणी मराठीत मी प्रथमच वाचले. तरीही आपण कारणांची उतरंड थोडी उलटी लावली आहे, असे मला वाटते. निवडणुकीचा नियम महत्त्वाचा आहे. पण तो नियम आपल्याकडे वळवून घेण्याची एवढी धडपड का होते, याचे उत्तर खाणींत आहे.

२००८ ची निवडणूक आठवावी. लोकशाही पक्षाने प्रत्येक नागरिकाला १० लाख तुगरुग (हे तिथले चलन) देण्याचे आश्वासन दिले, आणि जन-क्रांतिकारी पक्षाने त्यावर चढ करून १५ लाखांचे. हा पैसा तेव्हा हातात नव्हता. गोबीतल्या ओयू तोल्गोईच्या तांब्यातून आणि तवान तोल्गोईच्या कोळशातून तो यायचा होता. ओयू तोल्गोईचा गुंतवणूक करार २००९ मध्ये झाला. त्या प्रकल्पात मंगोल सरकारचा वाटा ३४ टक्के आहे आणि ६६ टक्के वाटा आज रिओ टिंटो या कंपनीकडे आहे. पुढे मानव विकास निधीतून काही काळ प्रत्येकाला दरमहा २१,००० तुगरुग वाटलेही गेले. २०११ मध्ये अर्थव्यवस्था १७ टक्क्यांच्या वेगाने वाढत होती. खनिजांचे भाव उतरल्यावर तोच देश कर्जाच्या गर्तेत गेला आणि २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे मदतीसाठी गेला.

अशा अर्थव्यवस्थेत पक्ष हळूहळू वाटपाचे यंत्र बनतो. खाणीचा परवाना, सरकारी खाण कंपनीतले पद, वाहतुकीचे कंत्राट, स्वस्त कर्ज, हे सारे पक्षाच्या हातून जाते. २०१८ मध्ये लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या निधीतली सवलतीची कर्जे खासदारांशी आणि त्यांच्या नातेवाइकांशी संबंधित कंपन्यांना मिळाल्याचे उघड झाले, तेव्हा दोन्ही पक्षांतली नावे पुढे आली होती. डिसेंबर २०२२ मध्ये तवान तोल्गोईचा कोळसा सीमेपलीकडे नेताना झालेल्या चोरीच्या आरोपांवरून लोक पुन्हा सुखबातर चौकात जमले आणि काही जण सरकारी प्रासादात घुसण्याच्या प्रयत्नापर्यंत गेले. त्या दिवसांत तापमान शून्याखाली वीस अंशांहून कमी होते. एवढ्या थंडीत उघड्यावर उभे राहणाऱ्या माणसाचा राग मतमोजणीच्या सूत्रापुरता नसतो.

स्वाती_देवगड

दोन्ही लेखन वाचून माझ्या मनात एक प्रश्न आला. लोक या दोन पक्षांना इतके विटले असतील, तर तिसरा पक्ष उभा का राहत नाही? आणि मतदार आपली नाराजी मतपत्रिकेवर नोंदवू शकतो का?

गवताळवाट

स्वातीताई, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तिथे मंगोलियाने एक खरोखर वेगळी गोष्ट केली आहे. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत कोऱ्या मतपत्रिका एकूण मतदानात धरल्या जातात आणि विजयी उमेदवाराला त्या एकूण मतदानाच्या निम्म्याहून अधिक मते मिळावी लागतात. २०१७ मध्ये पहिल्या फेरीत लोकशाही पक्षाचे बात्तुल्गा पुढे होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या उमेदवारांत दोन हजारांहूनही कमी मतांचा फरक होता. देशाच्या इतिहासात प्रथमच दुसरी फेरी घ्यावी लागली. दोन्ही उमेदवारांवर आरोप असल्यामुळे अनेकांनी ‘त्सागान सोंगोल्ट’, म्हणजे पांढरी निवड, अशी मोहीम चालवली आणि ८ टक्क्यांहून अधिक मतदारांनी कोरी पत्रिका टाकली. बात्तुल्गा ५०.६ टक्क्यांवर निसटते विजयी झाले. आपल्याकडे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटन निकालाला धक्का लावत नाही. तिथे कोऱ्या पत्रिका आणखी थोड्या वाढल्या असत्या तर निवडणूकच नव्याने घ्यावी लागली असती.

तिसऱ्या पक्षाचे दुःख मोठे आहे. १९९० च्या चळवळीतले सर्वांत आदरणीय नाव झोरिग यांचे. पंतप्रधानपदासाठी त्यांचे नाव चर्चेत असतानाच २ ऑक्टोबर १९९८ रोजी त्यांचा राहत्या घरी खून झाला. त्यांची बहीण ओयुन भूगर्भशास्त्रज्ञ होती. ती राजकारणात आली आणि तिने २००० मध्ये पक्ष काढला. पक्षाचे मंगोल नाव ‘इर्गेनी झोरिग’. झोरिग म्हणजे धैर्य, इच्छाबळ. नागरिकांचे धैर्य असा अर्थ आणि भावाचे नाव, दोन्ही त्यात आले. या पक्षाला नेहमी आदर मिळाला, जागा मात्र दोन-चारच. मते देशभर पसरलेली आणि मतदारसंघांत बहुमताचा नियम, म्हणजे पदरात काही पडत नाही. ‘हुन’ या तुलनेने नव्या पक्षाचे उमेदवार एन्खबात यांना २०२१ च्या अध्यक्षीय निवडणुकीत २० टक्के मते मिळाली आणि ते दुसऱ्या क्रमांकावर आले. ‘हुन’ म्हणजे माणूस. त्याच निवडणुकीत लोकशाही पक्षाचा उमेदवार ६ टक्क्यांच्या आसपास अडकला, कारण पक्षात दोन गट पडून खरा अध्यक्ष कोण आणि उमेदवार कोणाचा ग्राह्य धरायचा, याचाच वाद निवडणूक आयोगापर्यंत गेला होता.

जुना_वाचक

या विषयाला भारताचाही एक धागा आहे, म्हणून थोडे लिहितो. लडाखचे एकोणिसावे कुशोक बकुला रिंपोछे १९९० च्या आरंभी भारताचे राजदूत म्हणून उलानबातरला गेले आणि पुढची दहा वर्षे तिथे राहिले. ते स्वतः बौद्ध भिक्षू होते. साम्यवादी काळात मठ उद्ध्वस्त झालेल्या देशात असा राजदूत जाणे ही साधी गोष्ट नव्हती. चौकातल्या आंदोलक तरुणांना त्यांनी अहिंसेचा मार्ग न सोडण्याचा सल्ला दिला होता, असे मंगोल लोक आजही कृतज्ञतेने सांगतात. धागाकर्त्यांनी ‘गोळी चालली नाही’ हे तीन शब्दांत लिहिले आहे. त्यामागे उपोषणाला बसलेल्यांचा संयम होता, आणि बळाचा वापर नाकारून पायउतार झालेल्या बातमुंख यांच्यासारख्या जुन्या राजवटीच्या प्रमुखाचाही होता, याची नोंद व्हावी.

रमा_उत्तरेकडे

मी गेली चार वर्षे कुटुंबासह उलानबातरमध्ये राहते. धागा शांतपणे वाचला. २०२४ विषयी अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहिते, कारण त्या वर्षी नियम पुन्हा बदलला आणि माझ्या मते चांगल्यासाठी बदलला.

मे २०२३ च्या घटनादुरुस्तीने इख खुरालचे सदस्य ७६ वरून १२६ झाले. त्यांतले ७८ सदस्य १३ मोठ्या बहुसदस्य मतदारसंघांतून आणि ४८ पक्षांच्या राष्ट्रीय याद्यांतून निवडायचे ठरले. यादीतून जागा मिळण्यासाठी पक्षाला किमान ४ टक्के मते हवीत. उमेदवारांत ३० टक्के स्त्रिया असाव्यात अशी अट होती आणि २०२८ पासून ती ४० टक्के होणार आहे. २८ जून २०२४ रोजी, शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी मतदान झाले. शेजारच्या मुलीचे ते पहिलेच मत. ती विद्यापीठात शिकते. मी शाळेच्या पटांगणात तिच्या आजोबांची चाकाची खुर्ची धरून उभी होते आणि ती बाहेर आली तेव्हा हातांनी लांबी दाखवत म्हणाली, “मावशी, दोन कागद होते, एक नावांचा, एक पक्षांचा. पक्षांच्या कागदावर मी मला हवे तेच केले. नावांच्या कागदावर आजोबांचे ऐकले.” मला ती इथल्या रीतीप्रमाणे ‘एग्च’, म्हणजे ताई, म्हणते; पण मी शिकवल्यापासून कधीकधी मावशी म्हणते.

तिने सांगितलेली ही गोष्ट निकालात जशीच्या तशी दिसली. जनता पक्षाला सुमारे ३५ टक्के, लोकशाही पक्षाला सुमारे ३० टक्के आणि हुन पक्षाला सुमारे १० टक्के मते पडली. मतदारसंघांतल्या ७८ जागांपैकी ५० जनता पक्षाने नेल्या, २६ लोकशाही पक्षाने आणि २ हुनने. यादीच्या ४८ जागांत मात्र १८, १६ आणि ६ अशी वाटणी झाली, आणि राष्ट्रीय आघाडी व इर्गेनी झोरिगचा आजचा अवतार असलेला नागरी इच्छा–हरित पक्ष यांना प्रत्येकी ४ जागा मिळाल्या. या दोघांची एकही जागा मतदारसंघातून आलेली नाही. स्त्री सदस्यांची संख्या ३२ झाली, म्हणजे १२६ पैकी चौथा हिस्सा. एवढ्या स्त्रिया इख खुरालमध्ये यापूर्वी कधीच नव्हत्या. निकालाच्या रात्री आमच्या इमारतीत खिडक्याखिडक्यांतून दूरचित्रवाणीचा आवाज येत होता आणि दुसऱ्या दिवशी लोक खरोखर आनंदात होते. जनता पक्षाला एकूण ६८ जागा मिळाल्या, बहुमतापेक्षा चार-पाचच अधिक, त्यामुळे आता तरी सभागृहात प्रश्न विचारले जातील, असे सगळे म्हणत होते.

जुलै उजाडला आणि जनता पक्ष, लोकशाही पक्ष व हुन यांनी एकत्र सरकार बनवले. १२६ पैकी ११८ सदस्य सत्तेत बसले आणि विरोधी बाकांवर ८ उरले. मोठे वीजप्रकल्प आणि रेल्वेमार्ग पूर्ण करण्यासाठी एकमताची गरज आहे, असे कारण दिले गेले, आणि ते सर्वस्वी खोटे होते असे मी म्हणणार नाही. इथल्या हिवाळ्यात विजेचा तुटवडा काय असतो ते मी सोसले आहे. पण ज्यांनी ‘मनान’ला कंटाळून तिसऱ्याला मत दिले होते, त्यांचे मतही त्याच धुक्यात जाऊन मिळाले. शेजारची मुलगी त्या आठवड्यात माझ्याशी राजकारणावर एक अक्षर बोलली नाही.

मे २०२५ मध्ये तीच मुलगी रोज संध्याकाळी चौकात जाऊ लागली. हँडबॅगेची छायाचित्रे आली तेव्हा तरुणांची पहिली मागणी साधी होती: पंतप्रधानांनी कुटुंबाच्या संपत्तीचा हिशेब मांडावा. मग ‘ओग्त्सरोख अमार्खान’, म्हणजे राजीनामा देणे सोपे आहे, ही घोषणा सर्वतोमुखी झाली. मी एकदा तिला डबा द्यायला गेले होते. मुले सुखबातरच्या पुतळ्याजवळ जमिनीवर बसली होती, पुठ्ठ्यांवर मार्करने लिहिलेले फलक मांडीवर होते, आणि एका मुलीने स्वतःचे विद्यार्थी-कर्ज किती बाकी आहे तो आकडाच फलकावर लिहिला होता. त्यांत पक्षाचा झेंडा मला एकही दिसला नाही.

अनुस्वार

रमाताई, आपला प्रतिसाद वाचून माझे मत मला थोडे बदलावे लागते. यादीच्या पद्धतीने वेगळ्या पक्षांना दार उघडले हे आकड्यांवरून स्पष्ट आहे. निवडणुकीनंतरच्या सौद्याने ते दार लोटून घेतले.

इथे ‘दावखार देल’ हा तिथला आणखी एक वाक्प्रचार सांगायला हवा. अंगरख्यावर अंगरखा असा त्याचा अर्थ. खासदार असूनही मंत्रिपद घेणाऱ्याला उद्देशून तो वापरतात. मंत्री झालेला खासदार सरकारला जाब विचारत नाही, म्हणून २०१९ च्या घटनादुरुस्तीने पंतप्रधान आणि आणखी चारच सदस्यांना असा दुहेरी देल घालण्याची मुभा ठेवली. ऑगस्ट २०२२ मध्ये घटना न्यायालयाने ही मर्यादा रद्द केली. १२६ सदस्यांच्या सभागृहात ११८ जण सत्ताधारी आणि त्यांतल्या कितीही जणांना मंत्री होता येणार, अशी स्थिती झाली तर अंकुश ठेवणार कोण? आपल्याकडे संसदीय पद्धतीत मंत्री खासदारच असतो, त्यामुळे ही अट आपल्याला विचित्र वाटेल. पण आपल्याकडे सभागृह शेकडोंचे असते आणि विरोधी बाके इतकी रिकामी सहसा राहत नाहीत.

गवताळवाट

रमाताई, आपण जे लिहिले आहे ते मला इथे बसून कधीच लिहिता आले नसते. आपल्या प्रतिसादानंतर मलाही माझ्या मूळ मांडणीत भर घालावी लागेल. २०२४ चा नियम मागच्या कोणत्याही नियमापेक्षा न्याय्य होता, तरीही अकरा महिन्यांत चौक भरला. म्हणजे नियम सुधारल्यावर अडचण पुढच्या पायरीवर, पक्षांच्या आपसांतल्या व्यवहारात, सरकली.

३ जून २०२५ चे मतदान पाहावे. आंदोलनाला लोकशाही पक्षाच्या काही सदस्यांनी पाठिंबा दिल्यावर जनता पक्षाने त्या पक्षाला सरकारबाहेर काढले. त्यानंतर ओयुन-एर्देने यांनी विश्वासमत मागितले. बाजूने ४४ आणि विरोधात ३८ मते पडली. ८२ जणांत त्यांची बाजू वरचढ होती. पण नियमाप्रमाणे १२६ च्या निम्म्याहून अधिक, म्हणजे किमान ६४ मते हवी होती. त्यांच्या स्वतःच्या पक्षाचे ६८ सदस्य होते, तरीही ४४ चाच आकडा का यावा? त्यांना चौकाने हलवले, पण पाडले ते त्यांच्याच पक्षातल्या गैरहजर आणि गप्प राहिलेल्या सदस्यांनी, असे मला वाटते. दहा दिवसांत पंतप्रधानपदी झंदनशातर यांची जवळजवळ एकमताने निवड झाली.

आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तर हे उघड्यावरच आले. पक्षाच्या अध्यक्षपदावरून झंदनशातर आणि सभापती अमरबायसगलान यांचे गट समोरासमोर आले. पक्षाच्या अधिवेशनात अमरबायसगलान यांची सरशी झाली, त्यानंतर इख खुरालने चारच महिन्यांपूर्वी निवडलेल्या पंतप्रधानांना दूर करण्याचा ठराव केला आणि राष्ट्राध्यक्ष खुरेलसुख यांनी त्या ठरावावर नकाराधिकार वापरला, त्यामुळे झंदनशातर पदावर राहिले. अमरबायसगलान यांनाच सभापतिपद सोडावे लागले. पंतप्रधान, सभापती आणि राष्ट्राध्यक्ष ही तिन्ही पदे एकाच पक्षाकडे, आणि लढाईही त्याच तिघांत. मतदाराने जून २०२४ मध्ये दिलेल्या कौलाचा या लढाईशी काय संबंध होता, हे मला कोणी समजावून सांगितले तर मी आभारी राहीन.

स्वाती_देवगड

मग राष्ट्राध्यक्षांचे वजन वाढते आहे असे म्हणायचे का? त्यांना पुन्हा निवडणूक लढवता येते का?

अनुस्वार

लढवता येत नाही. २०१९ च्याच घटनादुरुस्तीने राष्ट्राध्यक्षाला सहा वर्षांची एकच मुदत ठरवली. पूर्वी चार वर्षांची मुदत दोनदा मिळू शके. या बदलामुळे २०२१ मध्ये बात्तुल्गा यांना पुन्हा उभे राहता येणार नाही, असे घटना न्यायालयाने ठरवले. त्यावर त्यांनी जनता पक्षच विसर्जित करण्याचा हुकूम काढला होता, जो अमलात आला नाही. खुरेलसुख यांची मुदत २०२७ मध्ये संपते आणि त्या वर्षी नवा राष्ट्राध्यक्ष निवडला जाईल. म्हणून जनता पक्षातल्या गटांची आताची ओढाताण काहीशी त्या निवडणुकीवर डोळा ठेवून चालली आहे, हा अंदाज चुकीचा ठरू नये. वजनाचे म्हणाल तर नकाराधिकार, न्यायाधीशांच्या नेमणुकांतला सहभाग आणि राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे अध्यक्षपद हे अधिकार आधीपासून त्या पदाकडे आहेत. पक्ष दुभंगलेला असला की ते जड होतात.

जुना_वाचक

एवढ्या गोंधळातही दोन गोष्टी मला लक्षणीय वाटतात. एका बाजूला रशिया आणि दुसऱ्या बाजूला चीन, तिसरा शेजारी नाही, अशा जागी १९९० पासून प्रत्येक सत्तांतर राज्यघटनेच्या मार्गाने झाले आहे. आणि चौकात आलेली माणसे मागणी करतात ती राजीनाम्याची, हिशेबाची किंवा कायद्याची. घटना गुंडाळून ठेवा, असे चौकातून ऐकू येत नाही.

रमा_उत्तरेकडे

जुना_वाचक काका, २००८ ची रात्र इथले लोक विसरलेले नाहीत, म्हणूनही हा संयम असावा. माझ्या शेजारचे आजोबा त्या रात्री पक्षाच्या जळत्या इमारतीपासून दोन चौक अंतरावर होते. नात चौकात जायची तेव्हा ते तिला अडवत नसत. दाराशी तिचा जाड कोट धरून उभे राहत आणि अंधार पडण्याआधी परत ये, एवढेच सांगत. मे महिन्यातही इथे रात्री बर्फ पडू शकते.

२०२८ साठी नियम पुन्हा बदलण्याच्या गोष्टी आतापासून कानावर येतात. यादीच्या जागा कमी कराव्यात, कारण यादीतला खासदार कोणत्या सुमाला बांधील नसतो, असे ग्रामीण भागातले पुढारी म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. शेकडो किलोमीटर पसरलेल्या मतदारसंघात जनावरे राखणाऱ्या कुटुंबाला आपला खासदार चार वर्षांत एकदा दिसला तरी नशीब. आजोबांचे मत त्याच बाजूचे आहे, कारण ते मूळचे झावखान ऐमगातले. नातीचे मत अगदी उलट आहे. गेल्या रविवारी त्या दोघांचा आमच्या स्वयंपाकघरात यावरून अर्धा तास वाद चालला होता आणि मी पोळ्या लाटत ऐकत होते. शेवटी ती म्हणाली, “आजोबा, तुमच्या नावांच्या कागदाने पन्नास आणले. माझ्या कागदाने आणलेले चार जण काढून टाकू नका.”